रजिस्टर पार्सल बंद झालं म्हणतात, मग आता पापड पाठवायचे कसे?

यावल तालुक्यातल्या एका ताईंनी विचारलं आहे. त्यांच्या बचत गटातल्या बाया आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी उडदाचे आणि नागलीचे पापड, ज्वारीचे बिबडे, कुरडया करतात, वर्षभर काळा मसाला कुटतात आणि पुण्या-मुंबईतल्या ओळखीच्या घरांना पोस्टाने पाठवतात. इतकी वर्षं त्या काउंटरवर खोका ठेवून "रजिस्टर करा" एवढंच म्हणायच्या. यंदा उत्तर मिळालं, "रजिस्टर बंद झालं, स्पीड पोस्ट करा," आणि पैसे अंदाजापेक्षा बरेच जास्त लागले. त्यांना चार गोष्टी हव्या आहेत: पापड-मसाला कशाने पाठवावा, पुण्यात एमपीएससी करणाऱ्या मुलाला पुस्तकं कशी पाठवावी, अमेरिकेतल्या नणंदेला डबा जातो का, आणि सासऱ्यांच्या जमिनीच्या वाटणीची नोटीस आता 'रजिस्टर' कशी करायची.

ताई, मी जळगाव जिल्ह्यातल्या लहान-मोठ्या पोस्टांत २९ वर्षं काढली, त्यातली बहुतेक पार्सलच्या काउंटरवर. निवृत्त झाल्यापासून चार-पाच बचत गटांना पाठवणीत मदत करतो. तुमच्यासारखाच प्रश्न मला गेल्या वर्षभरात चोपड्यापासून शहाद्यापर्यंत बऱ्याच जणींनी विचारला आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुम्हाला मिळालेलं उत्तर अर्धंच खरं आहे. आपल्याकडे 'रजिस्टर' हा एकच शब्द तीन-चार वेगळ्या गोष्टींसाठी चालत आला. कोर्टाची नोटीस रजिस्टर, पुस्तकाचं पाकीट रजिस्टर, पापडाचा खोकाही रजिस्टर. पोस्टाच्या पुस्तकात मात्र ह्या पहिल्यापासून वेगळ्या सेवा होत्या आणि आता त्यांच्या वाटाही वेगळ्या झाल्या आहेत. रजिस्टर पत्र स्पीड पोस्टात मिसळलं. रजिस्टर पुस्तक-पाकीट डिसेंबर २०२४ मध्ये बंद झालं आणि त्याच्या जागी मे २०२५ पासून 'ज्ञान पोस्ट' आली. तुमचा पापडाचा खोका ज्या सेवेने जायचा ते रजिस्टर पार्सल बंद झालेलं नाही, त्याचं नाव बदललं. त्याला आता 'इंडिया पोस्ट पार्सल' म्हणतात. तुमच्या-माझ्यासारख्या काउंटरवर येणाऱ्या माणसासाठी त्यातला 'रिटेल' प्रकार आणि करार करून नियमित माल पाठवणाऱ्यांसाठी 'कॉन्ट्रॅक्चुअल'. म्हणजे तुम्ही "रजिस्टर" म्हणालात, काउंटरवरच्या मुलाने पत्राचा नियम सांगितला, आणि खोका महागड्या वाटेने गेला. त्याची चूक म्हणावी तर नवी संगणक प्रणाली ऑगस्ट २०२५ मध्येच देशभरातल्या १.६५ लाख पोस्टांत पूर्ण लागू झाली. नावं, पडदे, बटणं सगळं एकदम बदललं, त्यात समोर रांग. त्यामुळे पुढच्या वेळी तुम्हीच नेमकं नाव घ्या: "इंडिया पोस्ट पार्सल रिटेलने किती होतील आणि स्पीड पोस्ट पार्सलने किती, दोन्ही सांगा." वजन काट्यावर ठेवल्यावर दोन्ही आकडे काढायला त्याला मिनिटही लागत नाही.

आता स्पीड पोस्टचे पैसे का वाढले ते सांगतो, कारण त्यावरून गावागावांत गैरसमज आहेत. स्पीड पोस्ट १ ऑगस्ट १९८६ ला सुरू झालं. त्याचे दर २०१२ नंतर थेट १ ऑक्टोबर २०२५ ला बदलले. कागदपत्रांच्या नव्या तक्त्यात ५० ग्रॅमपर्यंत गावातल्या गावात १९ रुपये, आणि बाहेर देशात कुठेही ४७ रुपये. ५१ ते २५० ग्रॅमला २०० किलोमीटरपर्यंत ५९, ५०० किलोमीटरपर्यंत ६३, हजारापर्यंत ६८, दोन हजारापर्यंत ७२ आणि त्यापुढे ७७. २५१ ते ५०० ग्रॅमला हेच टप्पे ७०, ७५, ८२, ८६ आणि ९३. ह्या सगळ्यांवर १८ टक्के जीएसटी वेगळा. आपल्याकडून पुणे आणि मुंबई दोन्ही २०१ ते ५०० किलोमीटरच्या टप्प्यात येतात, म्हणजे मुलाचे दाखले २०० ग्रॅमच्या पाकिटात पाठवायचे तर ६३ अधिक कर, एकूण ७४ रुपये ३४ पैसे. आधी हेच ४० अधिक करात जायचं.

पण हा तक्ता कागदपत्रांचा आहे. तो ५०० ग्रॅमवर संपतो, आणि मसाल्याची पाव किलोची पुडी ही कागदपत्र नाही. बऱ्याच जणी मोबाइलवर हा तक्ता बघतात, पाव किलो म्हणजे ६३ रुपये असा हिशोब गिऱ्हाइकाला सांगून मोकळ्या होतात आणि काउंटरवर पार्सलचा दर लागला की भांडण होतं. पाकिटात माल असेल तर ते पार्सल, एवढं गटातल्या सगळ्यांना सांगून ठेवा.

माझं मत विचाराल तर तेरा वर्षांनी दर वाढवणं मला चुकीचं वाटत नाही. गाड्या, डिझेल, पगार सगळं वाढलं. पण पत्रांसाठी हळू जाणारी स्वस्त वाट काढून घेतली ह्याचं मला वाईट वाटतं. खेड्यातल्या माणसाला नेहमी घाई नसते, त्याला खात्री हवी असते, आणि ती २६ रुपयांत मिळत होती. पार्सलमध्ये निदान ती वाट अजून आहे, म्हणून ती वापरा असं मी आवर्जून सांगतो.

आता तुमच्या मालाकडे येतो. पापड आणि बिबडे चार दिवस उशिरा पोचले म्हणून बिघडत नाहीत, त्यांना इंडिया पोस्ट पार्सल पुरेसं आहे. गाडीने-रेल्वेने जातं, स्पीडपेक्षा सावकाश जातं, नोंद मात्र वाटेत प्रत्येक ठिकाणी होते. काळ्या मसाल्याचंही तेच. केळीचे वेफर्स, शेंगदाण्याची चटणी, तिळाचे लाडू ह्यांना तेल असतं. मे महिन्यात आपल्या भुसावळ-जळगावकडे पारा ४५ च्या वर जातो तेव्हा ते बंद गाडीत आणि पत्र्याच्या शेडमध्ये जितकं कमी राहील तितकं बरं, ते स्पीड पोस्टने पाठवा. स्पीड पोस्टात ३५ किलोपर्यंत माल जातो. दिवाळीचा फराळ आणि राखीसोबतचा खाऊ ह्यांना दिवस गाठायचा असतो, तेही स्पीडनेच. कुरडयांचं मात्र वेगळं आहे, त्यांच्याकडे खाली येतो.

वजनाइतकंच आता मापाकडेही लक्ष द्यायला लागतं. खोका मोठा आणि माल हलका असेल तर जागेचे पैसे लागतात. खाजगी कुरियरमध्ये सर्रास लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५००० ने भागतात, येईल तेवढे किलो धरतात. कुरडयांचा ४० बाय ३० बाय ३० चा खोका घ्या. गुणाकार ३६,०००, भागाकार ७.२ किलो. काट्यावर तो दोन किलोसुद्धा भरत नाही, आणि पैसे सात किलोंचे. टपालातही पार्सल नोंदवताना वजनाबरोबर मापं टाकतात, म्हणून कुरडयांसाठी मोठा खोका शोधू नका. मी आमच्या गटांना सांगतो की पाठवणीसाठी कुरडया लहान पाडा, तळहातात मावतील एवढ्या, आणि चपट्या वाळवा. एका गटाने तसं केल्यावर त्याच मालाला निम्म्या उंचीचा खोका पुरला आणि फुटही कमी झाली.

बांधणीबद्दल मी जास्त लिहिणार, कारण निम्मी नुकसानी तिथेच होते. मी नोकरीला लागलो तेव्हा पार्सल मांजरपाटात शिवून आणायचे, टाक्यांवर लाखेची मोहर मारायची, पत्ता कापडावर निळ्या शाईने. एका पावसाळ्यात असंच एक पार्सल भिजून आलं, शाई पसरून पत्त्याची एक ओळ उरली होती, गावाचं नाव सुद्धा नाही. नियमाप्रमाणे उघडावं लागलं. आत नागलीचे पापड, एक नऊवारी, आणि साडीच्या घडीत वहीच्या कागदावर कुणीतरी पूर्ण पत्ता परत लिहून ठेवला होता. त्या एका कागदामुळे ते पार्सल तिसऱ्या दिवशी त्या बाईच्या दारात गेलं. तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगत आलो: खोक्याच्या आत एक चिठ्ठी, तिच्यावर घेणाऱ्याचा आणि पाठवणाऱ्याचा पूर्ण पत्ता आणि दोघांचे मोबाइल नंबर. मांजरपाट गेलं, पण पाऊस आणि घासणं अजून आहे, वरची लेबलं अजूनही सुटतात.

पापड वाळवून लगेच भरू नका. उन्हातून आणलेले पापड रात्रभर घरात थंड होऊ द्या. गरम असताना पिशवी बंद केली की आत घाम येतो आणि दोन दिवसांत बुरशीचा वास सुटतो. पापड एकावर एक, साच्यात बसवल्यासारखे, पन्नास-पन्नासच्या गड्डीत, गड्डीच्या खाली आणि वर पुठ्ठ्याची पापडाएवढी गोल चकती. गड्डी सैल राहिली की फुटली. खोका पाच पदरी पुठ्ठ्याचा घ्या. किराण्याच्या दुकानात बिस्किटांचे रिकामे खोके मिळतात ते बहुतेक तीन पदरी असतात, एकदा वापरून मऊ झालेले. गड्डी आणि खोक्याच्या भिंतीमध्ये बोटभर जागा ठेवून वर्तमानपत्राचे बोळे ठासा. मग खोका कानाजवळ धरून हलवा. काही सरकल्याचा आवाज आला तर उघडा आणि परत ठासा. टपालाच्या पिशवीत तुमच्या खोक्यावर कुणाचं पितळी भांडं येईल, कुणाची पुस्तकं, ते तुमच्या किंवा पोस्टाच्याही हातात नसतं. 'नाजूक' असं लाल अक्षरात लिहिल्याने थोडं लक्ष जातं, पण त्याच्या भरवशावर बांधणी हलकी करू नका.

मसाल्याला दोन पिशव्या. खोबरं आणि तेलात भाजलेले जिन्नस असल्यामुळे आपला काळा मसाला तेल सोडतो, पिशवीच्या सांध्यातून ते पुठ्ठ्यात उतरतं, पुठ्ठा मऊ पडतो आणि शेजारच्या पाकिटांना डाग पडतात. आतली जाड पिशवी यंत्राने बंद करा, वरून दुसरी उलट्या तोंडाने. पापड आणि मसाला एका खोक्यात घालायचे असतील तर मसाला खाली. लोणचं, तूप, मध, कसलंही पातळ काही पापडांच्या खोक्यात घालू नका. एक बरणी फुटली की तुमचं आणि पिशवीतल्या वीस जणांचं नुकसान होतं. आणि विक्रीचा माल असेल तर पाकिटावर तुमचा एफएसएसएआयचा, म्हणजे अन्न परवान्याचा, क्रमांक छापलेला असू द्या.

आणखी एक, जे मला काउंटरवर फार वेळा दिसलं. पापडाच्या गड्डीखाली पाचशेच्या नोटा, मुलीच्या बाळासाठी सोन्याची बाळी. आईची माया आहे, मी समजू शकतो. पण विमा न उतरवता नोटा किंवा सोनं टपालात घालणं नियमात बसत नाही, आणि हरवलं तर तक्रारीत ते लिहिताही येत नाही. पैसे मोबाइलवरून पाठवा, बाळी लेक आखाजीला येईल तेव्हा हातात द्या.

पत्त्यावर आता थोडं. आपल्या भागात जिल्हा आणि पिनकोड ह्यांची गाठ नाही, हे बाहेरच्या माणसाला माहीत नसतं. चाळीसगाव जळगाव जिल्ह्यात, पण पिन ४२४१०१, धुळ्याच्या ४२४००१ च्या कुळातला. शिरपूर धुळे जिल्ह्यात, पण पिन ४२५४०५, जळगावच्या बाजूचा. नंदुरबार जिल्हा १९९८ मध्ये वेगळा झाला तरी नवापूर-तळोद्याच्या पत्त्यांवर लोक अजून 'जिल्हा धुळे' लिहितात. पिंपळगाव हरेश्वर पाचोरा तालुक्यात, पिंपळगाव बसवंत नाशिक जिल्ह्यात, आणि नुसतं 'पिंपळगाव' लिहिलेली पार्सलं मी दोन्हीकडे भटकताना पाहिली आहेत. टपाल छाटणाऱ्याचा हात आधी पिनकोडवर जातो. म्हणून सहा आकडे मोठे, सुटे आणि शेवटच्या ओळीत. गिऱ्हाइकाने पत्ता मोबाइलवर पाठवला तर पिनकोड त्याच्या भागाचाच आहे का ते एकदा इंडिया पोस्टच्या संकेतस्थळावर बघून घ्या. पुण्यात नव्या सोसायट्यांचे पिन लोक अंदाजाने लिहितात. २०२५ मध्ये 'डिजिपिन' नावाचा दहा अक्षरांचा नवा पत्ताही आला आहे, तो सुमारे चार मीटर बाय चार मीटरची जागा दाखवतो. शेतवस्तीवरच्या घराला त्याचा उपयोग होईल, पण तो पिनकोडच्या जागी लिहायचा नाही.

वेळेचं गणित गावात राहणाऱ्यांनी पक्कं करावं. तुमच्या शाखा डाकघराची पिशवी दिवसातून एकदा निघते. पिशवी निघून गेल्यावर दिलेला खोका रात्रभर तिथेच बसतो. डाक सेवकाला विचारा पिशवी किती वाजता जाते, आणि त्याआधी तासभर जा. सोमवार-मंगळवारी दिलेलं पार्सल आठवड्यात पोचण्याची शक्यता चांगली. शनिवारी दिलेलं रविवारी कुठल्यातरी शेडमध्ये थांबतं, आणि उन्हाळ्यात तेच तेलकट मालाला नडतं. मोठा खोका असेल तर सरळ तालुक्याच्या पोस्टात नेलेला बरा, तिथून पिशव्या जास्त निघतात आणि पैसे मोबाइलवरून क्यूआर कोडने देता येतात. बाया काउंटरवर "कितला पैसा लागतीन भाऊ?" विचारून पदराची गाठ सोडायच्या ते मला आठवतं. आता सुट्ट्या पैशांची अडचण राहिली नाही, ही सुधारणा मला मनापासून आवडली.

काउंटरवर दोन जादा सेवा विचारतील. एक 'रजिस्ट्रेशन', पाच रुपये अधिक कर. ती घेतली की टपाल ज्याच्या नावाने आहे त्यालाच किंवा त्याने लेखी नेमलेल्यालाच मिळतं. साध्या स्पीड पोस्टात ते त्या पत्त्यावर कुणाच्याही हाती देता येतं. दुसरी ओटीपीने बटवडा, तीही पाच रुपये अधिक कर. घेणाऱ्याच्या मोबाइलवर आकडा येतो, तो पोस्टमनला सांगितल्यावरच वस्तू हातात. पापडांना मी ह्या दोन्ही घेऊ नका म्हणेन. तुमची गिऱ्हाइकं बऱ्याच वेळा नोकरीवर असतात, खोका सासूबाई किंवा वॉचमन घेतो. ओटीपी लावला आणि मोबाइल गिऱ्हाइकाजवळ ऑफिसात असला तर पोस्टमनला परत जावं लागतं. उलट मुलाचे मूळ दाखले किंवा बँकेचे कागद असतील तर ओटीपी नक्की घ्या.

मुलाच्या पुस्तकांसाठी ज्ञान पोस्ट उत्तम आहे. ३०० ग्रॅमपासून ५ किलोपर्यंत, २० रुपयांपासून १०० रुपयांपर्यंत अधिक कर. पाच किलो एमपीएससीची पुस्तकं शंभरावर थोड्या पैशांत पुण्याला जातात, नोंद मोबाइलवर दिसते, फक्त ती रस्त्याने-रेल्वेने सावकाश जातात. अट एवढी की छापील पुस्तकं असावीत, प्रत्येकावर मुद्रक किंवा प्रकाशकाचं नाव असावं, आणि व्यापारी जाहिरातीचा माल नसावा. शिक्षणाची, सांस्कृतिक, धार्मिक पुस्तकं चालतात. हाताने लिहिलेल्या नोट्सच्या वह्या त्यात घालू नका, चिवड्याची पुडी तर मुळीच नाही. वह्यांसाठी वेगळं पार्सल करा. मुलाला परीक्षेचा अर्ज किंवा कागद स्पीड पोस्टने पाठवायचा असेल तर विद्यार्थ्यांना दरात १० टक्के सूट आहे, त्याने कॉलेजचं ओळखपत्र सोबत न्यावं.

सासऱ्यांच्या नोटिशीचं बघू. लोक 'रजिस्टर एडी'च म्हणतात, आणि वकीलही. कायद्यात, म्हणजे १८९७ च्या जनरल क्लॉजेस अॅक्टच्या कलम २७ मध्ये, नीट पत्ता लिहून, पैसे भरून रजिस्टर टपालाने पाठवलेली नोटीस पोचली असं धरलं जातं. म्हणून आता साधं स्पीड पोस्ट करू नका, स्पीड पोस्टवर रजिस्ट्रेशनची सेवा घ्या आणि पोचपावतीही मागा. पावतीवर रजिस्ट्रेशनचा आकार वेगळा छापलेला दिसतो का ते काउंटर सोडण्याआधी बघा. ५० ग्रॅमपर्यंत ४७ आणि ५, त्यावर कर, मिळून ६१ रुपये ३६ पैसे, पोचपावतीचे वेगळे. २० ग्रॅमचं जुनं रजिस्टर पत्र २५ रुपये ९६ पैशांत जायचं. सात भावांना नोटीस द्यायची असेल तर फरक डोळ्यात भरतो, तरी जमिनीच्या बाबतीत पाच रुपये वाचवायला जाऊ नका. पावती, पोचपावती आणि मोबाइलवरच्या नोंदीचं छापील पान तिन्ही वकिलांकडच्या फायलीत लावा. थर्मल कागदावरची पावती वर्षभरात पुसट होते, म्हणून तिची झेरॉक्स त्याच दिवशी काढा.

अमेरिकेच्या डब्याबद्दल. तिथे ८०० डॉलरपर्यंतच्या मालाला जकात माफ होती, ती २९ ऑगस्ट २०२५ पासून गेली. त्याआधी काही दिवस, २५ ऑगस्टपासूनच, आपल्या टपाल खात्याने अमेरिकेची बहुतेक पार्सलं घेणं थांबवलं होतं. १५ ऑक्टोबर २०२५ पासून ती परत सुरू झाली, पण आता जकात इथेच, पार्सल देताना, जाहीर केलेल्या किमतीवर भरावी लागते. सुरू झाली तेव्हा ती किमतीच्या ५० टक्के होती. जकातीचे दर तिथलं सरकार बदलत राहतं, म्हणून ज्या दिवशी पाठवाल त्या दिवशीचा दर मोठ्या पोस्टात विचारून मगच खोका बंद करा. नणंदेला वेगळं काही भरावं लागत नाही, ही त्यातली चांगली बाजू. जकातीच्या अर्जावर 'खाऊ' असं लिहू नका. 'उडीद पापड, २ किलो' आणि 'भाजलेल्या मसाल्याची पूड, ५०० ग्रॅम' असं वस्तूगणिक वजन आणि खरी किंमत लिहा. बियाणं, ताजी फळं, ओला पदार्थ नको. पुढे गटाचा माल तिकडे विकायचा विचार असेल तर ते भेटीच्या डब्यापेक्षा वेगळं काम आहे, तिथल्या एफडीएला, म्हणजे अन्न-औषध खात्याला, आधी सूचना द्यावी लागते. त्यासाठी टपाल खात्याने डाकघर निर्यात केंद्रं काढली आहेत, तिथे निर्यातीची कागदपत्रं संगणकावर भरून मिळतात.

एसटीने किंवा ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरजवळ डबा देण्याची आपल्याकडची पद्धत मी मोडीत काढणार नाही. जळगावहून धुळ्याला किंवा नाशिकला संध्याकाळपर्यंत डबा पोचवायला तेच बरं, घेणारा स्टँडवर उभा असेल तर. पण विकत दिलेला माल त्या वाटेने पाठवू नका. पावती नसते, नोंद नसते, आणि गिऱ्हाइकाला पहाटे चारला निगडीच्या पुलाखाली उभं राहायला सांगणं बरं दिसत नाही.

टपालाच्या पावतीवर तेरा खुणांचा क्रमांक असतो: आधी दोन इंग्रजी अक्षरं, मग नऊ आकडे, शेवटी भारताची दोन अक्षरं. स्पीड पोस्टचा क्रमांक 'ई'ने सुरू होतो, पार्सलचा 'सी'ने. म्हणजे पावती हातात येताच पहिलं अक्षर बघितलं तर खोका कोणत्या सेवेने निघाला ते कळतं, आणि चूक असेल तर तिथेच दुरुस्त करून घेता येते. तो क्रमांक गिऱ्हाइकाला लगेच पाठवा. एकाच ठिकाणी चार-पाच दिवस नोंद अडकली तर १८०० २६६ ६८६८ ह्या फुकटच्या नंबरावर किंवा संकेतस्थळावर तक्रार टाका, पावती समोर ठेवून. ह्या निमित्ताने गटातल्या सगळ्या जणींना सांगा: "तुमचं पार्सल पत्ता अपुरा असल्यामुळे थांबलं आहे, ह्या लिंकवर पत्ता भरा" असे संदेश इंडिया पोस्टच्या नावाने फिरतात, ते फसवे असतात. लिंक उघडू नका, कार्डाचा नंबर देऊ नका. माझ्या ओळखीच्या एका मास्तरांचे असेच पैसे गेले आहेत.

महिन्याला तुमचे बरेच खोके जात असतील तर गटाच्या नावाने कराराचं खातं काढायचा विचार करा. विभागाच्या अधीक्षक कार्यालयात जा, गटाची नोंदणी, पॅन आणि बँकेचं पासबुक न्या. स्पीड पोस्टात घाऊक पाठवणाऱ्या नव्या ग्राहकाला पाच टक्के सूट आहे, आणि कराराच्या ग्राहकाला माल पोचल्यावर पैसे घेण्याची सोयही मिळू शकते. ती सोय सुरुवातीला नका घेऊ. गिऱ्हाइकाने दारात नको म्हटलं तर खोका परत येतो, येऊन-जाऊन दुप्पट प्रवास झालेले पापड चुरा होऊन हातात पडतात.

आखाजीच्या गर्दीआधी एक प्रयोग करा. एकाच वजनाचे दोन खोके, सारखेच बांधलेले, पुण्यातल्या मुलाच्याच पत्त्यावर, एकाच सोमवारी द्या. एक स्पीड पोस्ट पार्सलने, एक इंडिया पोस्ट पार्सलने. मुलाला उघडून मोजायला सांगा: किती दिवस लागले, शंभरातले किती पापड फुटले. दोन पावत्या आणि त्याचे आकडे वहीत लिहा. पाठवणीचा खर्च पापडाच्या भावात मिसळू नका, गिऱ्हाइकाला दोन्ही सेवांचे पैसे वेगळे सांगा आणि कोणती हवी ते त्यालाच निवडू द्या. प्रयोगाचे आकडे मलाही कळवा. शिरपूरच्या एका गटाला मी हेच करायला सांगितलं आहे, तुमचे आणि त्यांचे आकडे शेजारी ठेवून पुढचं ठरवू.